पोहोच आणि प्रत : दोन कॅमेऱ्यांचा इतिहास

ओएम सिस्टिम या जपानी नावाखाली अलीकडे दोन अगदी वेगळ्या प्रकृतीचे कॅमेरे बाजारात आले. पहिला टीजी-७, २०२३ साली आलेला. बॅटरी आणि कार्ड धरून त्याचे वजन अडीचशे ग्रॅमच्या आत भरते. तो १५ मीटर खोल पाण्यात चालतो, २.१ मीटर उंचीवरून पडणे सोसतो, १०० किलोचा भार झेलतो आणि उणे १० अंश सेल्सिअसलाही काम करतो. त्याची लेन्स काढता येत नाही. दुसरा ओएम-१, २०२२ सालचा मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला आणि लेन्स बदलता येणारा. त्याची नुसती बॉडीच सहाशे ग्रॅमच्या आसपास, लेन्सचे वजन वेगळे. धावत्या प्राण्यावर किंवा उडत्या पक्ष्यावर फोकस धरून ठेवत तो सेकंदाला ५० चित्रे टिपतो, आणि किंमतही पहिल्याच्या कितीतरी पट. विकणारे आणि घेणारे दोघेही या दोन वस्तूंना एकाच शिडीवर बसवतात : खालच्या पायरीवर टफ कॉम्पॅक्ट, वरच्या पायरीवर मिररलेस. ज्याला परवडत नाही किंवा ज्याला फारसे कळत नाही त्याने पहिला घ्यावा, जाणकाराने दुसरा, असा सर्वसाधारण समज आहे. कॅमेऱ्याचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. कॅमेऱ्याकडून माणसाने पहिल्यापासून दोन गोष्टी मागितल्या : चित्राची प्रत उत्तम हवी, आणि जिथे काम आहे तिथे कॅमेरा पोहोचला पाहिजे. या दोन मागण्या एकाच यंत्रात पूर्णपणे कधीच मावल्या नाहीत. टफ कॉम्पॅक्ट आणि मिररलेस हे त्या दोन मागण्यांचे दोन स्वतंत्र वारस आहेत, आणि त्यांची तुलना करायची तर ती कामाच्या संदर्भातच करावी लागते.

फोटोग्राफीत प्रत आधी आली, पोहोच फार उशिरा. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कोलोडियनची पद्धत जाहीर केली. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, काच ओली असतानाच ती कॅमेऱ्यात सरकवून प्रकाश द्यायचा आणि थर वाळण्याच्या आत जागेवरच चित्र धुऊन काढायचे. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे, म्हणून छायाचित्रकार जिथे जाई तिथे त्याची अंधारी खोलीही तंबूच्या रूपाने जाई. सॅम्युअल बोर्न याने १८६३ ते १८६६ या काळात हिमालयात तीन मोहिमा केल्या. काचा, रसायनांच्या बाटल्या, तंबू आणि कॅमेरा वाहायला त्याच्याबरोबर डझनावारी हमाल असत. १८६६ साली मणिरंग खिंडीत, सुमारे साडेअठरा हजार फुटांवर त्याने काढलेली छायाचित्रे आजही तपशिलाच्या बाबतीत थक्क करतात. पण ती पोहोच कॅमेऱ्याची नव्हती, ओझे वाहणाऱ्या माणसांच्या पाठीची होती. त्यांची नावे त्या काचांवर कुठेही नाहीत. पुढच्या काळात ब्रिटिश कारखानदारांनी भारतासारख्या देशांसाठी ‘ट्रॉपिकल’ कॅमेरे बनवले. नेहमीचे लाकूड दमटपणाने वाकते, चामडे किडे खातात, चिकटवलेले सांधे सुटतात. म्हणून या कॅमेऱ्यांचे सांगाडे सागवानाचे केले, सांध्यांना पितळी पट्ट्या आणि स्क्रू दिले. चित्राच्या प्रतीत यामुळे काहीच भर पडली नाही. भर पडली ती कॅमेरा पावसाळ्यातून जिवंत निघण्याच्या शक्यतेत. हवामान सोसणे हा कॅमेऱ्याचा स्वतंत्र गुण आहे आणि त्यासाठी गिऱ्हाईक वेगळे पैसे मोजते, हे तेव्हाच व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले होते.

रिचर्ड लीच मॅडॉक्स याने १८७१ साली जिलेटिनच्या कोरड्या काचेची वाट दाखवली, आणि १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने रोल भरलेला कोडॅक बाजारात आणला. कॅमेरा अंधाऱ्या खोलीपासून सुटला. त्यानंतर पोहोच आणि प्रत यांची ओढाताण उघड दिसू लागते. १९१२ सालचा व्हेस्ट पॉकेट कोडॅक घडी घालून खिशात मावत असे. त्याची लेन्स साधी होती आणि मोठ्या काचेवरच्या चित्राशी त्याच्या चित्राची बरोबरी होणे शक्यच नव्हते. तरीही पहिल्या महायुद्धात कोडॅकने सैनिकांचा कॅमेरा म्हणून त्याची जाहिरात केली, कारण खंदकात तिपाई आणि काचा नेता येत नव्हत्या. १९२४ साली एव्हरेस्टच्या शेवटच्या चढाईला निघताना जॉर्ज मॅलरीकडे असाच कॅमेरा होता असे मानले जाते, आणि तो कॅमेरा सापडला तर मॅलरी शिखरावर पोहोचला होता का हा प्रश्न सुटेल या आशेने गिर्यारोहक तो अजून शोधत आहेत. २९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरीने शिखरावर तेनसिंग नोर्गे यांचे जे छायाचित्र घेतले, ते जुन्या बाजारातून घेतलेल्या घडीच्या कोडॅक रेटिना कॅमेऱ्याने. थंडीत तो गोठू नये म्हणून हिलरीने तो कपड्यांच्या आत ऊबेत ठेवला होता. त्या दिवशी जगात त्याहून सरस कॅमेरे हजारोंनी होते. शिखरावर त्यांतला एकही नव्हता, आणि विसाव्या शतकातल्या सर्वांत ओळखीच्या छायाचित्रांपैकी एक त्या घडीच्या कॅमेऱ्याच्या वाट्याला आले.

प्रतीचा वारसाही पोहोचीच्याच इच्छेतून सुरू झाला, ही इथली महत्त्वाची गोष्ट. वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यात काम करणारे ओस्कार बार्नाक यांना दम्यामुळे जड काचांचा कॅमेरा घेऊन हिंडणे जमत नसे. सिनेमाची फिल्म आडवी वापरून २४ × ३६ मिलिमीटरचे छोटे निगेटिव्ह घ्यायचे आणि मग ते मोठे करायचे, ही त्यांची कल्पना. १९१४च्या सुमारास त्यांनी नमुना तयार केला आणि १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लायका लोकांपुढे आला. आजच्या भाषेत सांगायचे तर तोही मिररलेसच : आरसा नाही, लेन्स फिल्मच्या अगदी जवळ, शरीर सपाट. लायकाने दोन्ही मागण्यांचा मेळ बराचसा घातला. पण लेन्समधून नेमके काय दिसते आहे ते छायाचित्रकाराला पाहता येत नव्हते. लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपताना किंवा अगदी जवळून फुलाचा परागकोश घेताना अंदाज चुके. ती अडचण एसएलआरने, म्हणजे लेन्समधले चित्र आरशाने डोळ्याकडे वळवणाऱ्या कॅमेऱ्याने, सोडवली. १९३६ सालचा कीने एक्झाक्टा, १९४९ सालचा पेंटाप्रिझम असलेला कॉन्टॅक्स एस, टिपल्यावर आरसा आपोआप खाली आणणारा १९५४ सालचा असाहीफ्लेक्स २बी आणि या साऱ्यांना एका भक्कम व्यवस्थेत बांधणारा १९५९ सालचा निकॉन एफ. त्यानंतरची पन्नास वर्षे गंभीर छायाचित्रणावर आरशाचे राज्य राहिले. लेन्स बदलता येणे, समोरचे जसेच्या तसे दिसणे आणि प्रत या तीन गोष्टी एकत्र आल्या. त्यासाठी मोजलेली किंमत म्हणजे जागा, वजन आणि उघडेपणा. ज्या यंत्राची लेन्स कामाच्या मध्यात काढायची असते, ते धूळ आणि पाण्याला दार उघडूनच बसलेले असते.

हे दार कायमचे बंद करण्याचा पहिला मोठा प्रयत्न समुद्रातून आला. समुद्रसंशोधक झाक कूस्तो यांच्या पाणबुड्या मंडळींना पेटीत बंद केलेला नेहमीचा कॅमेरा नको होता. स्वतःच पाण्यात चालेल असा कॅमेरा हवा होता. बेल्जियन अभियंता झाँ द वूटर्स यांनी तो घडवला, आणि १९६०च्या सुमारास ‘कॅलिप्सो’ नावाने तो फ्रान्समध्ये विक्रीला आला. १९६३ साली निकॉनने तो स्वीकारला आणि ‘निकोनोस’ हे नाव दिले. आतला गाभा आणि बाहेरचे कवच असे त्याचे दोन भाग, मध्ये रबराच्या ओ-रिंग. फिल्म भरायची तर गाभाच वर खेचून काढायचा. फोकस डोळ्यांनी साधायचा नाही, अंतराचा अंदाज घेऊन आकड्यावर ठेवायचा. म्हणजे एसएलआरने मिळवलेली सर्वांत मोठी सोय निकोनोसने जाणूनबुजून सोडून दिली, आणि तरीही त्याच्या पिढ्या २००१ सालापर्यंत बनत राहिल्या. व्हिएतनामच्या युद्धात पाऊस आणि चिखलातून जाणाऱ्या बातमीदारांनीही तो वापरला. जिथे कॅमेरा बंदच ठेवावा लागतो, तिथे अंदाजाने टिपलेले चित्र न टिपलेल्या चित्रापेक्षा श्रेष्ठ, हा हिशेब त्यामागे होता. निकोनोसची लेन्स बदलता येत असे, पण कोरड्यावर. पाण्याखाली उतरल्यावर जे जोडलेले असेल त्यावरच भागवायचे. बंद कॅमेऱ्याचा कायदा इथे प्रथम स्पष्ट झाला : संरक्षण हवे तर कामाच्या वेळी निवड कमी करावी लागते.

दुसरा प्रवाह जमिनीवरचा, आणि माझ्या मते तोच अधिक बोलका आहे. जपानमध्ये रस्ता, पूल, बोगदा किंवा इमारत बांधताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र ठेवण्याची शिस्त आहे. सळया झाकल्या जाण्याआधी, पाया बुजवला जाण्याआधी, चौकटीत एक छोटा काळा फळा धरतात. त्यावर कामाचे नाव, जागा, मोजमाप खडूने लिहिलेले असते. काँक्रीट ओतल्यावर आतले काही दिसत नाही, म्हणून ते छायाचित्र म्हणजेच पुरावा. या कामाला लागणारा कॅमेरा सिमेंटच्या धुळीत, पावसात, हातमोजे घातलेल्या हाताने चालायला हवा. १९७० आणि १९८०च्या दशकांत जपानी कंपन्यांनी असे ‘हेवी ड्यूटी’ कॅमेरे काढले, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस कोनिकाने एका कॅमेऱ्याचे नावच ‘गेन्बा कांतोकू’, म्हणजे कामावरचा मुकादम, असे ठेवले. मोठी बटणे, जाड रबरी कडा, आणि अरुंद जागेत पाठ भिंतीला टेकवूनही समोरचे सारे मावेल अशी रुंद कोनाची लेन्स. पुढे डिजिटल युगात सरकारी कामांची छायाचित्रे संगणकावर जमा करण्याचे नियम आले तेव्हा रिकोसारख्या कंपन्यांच्या कामाच्या कॅमेऱ्यांत ‘कॅल्स’ नावाची खास सोय आली. ती वापरली की चित्र १२८० × ९६० बिंदूंचे, म्हणजे साधारण बारा लाख पिक्सेलचे निघते. जाहिरातींत कोट्यवधी पिक्सेलची चढाओढ चालू असताना एका संपूर्ण उद्योगाने ठरवले होते की फळ्यावरचा खडू वाचता आला की प्रत पुरेशी आहे. या लोकांना चांगले-वाईट कळत नव्हते असे कोण म्हणेल? पुलाची सुरक्षितता त्यांच्या छायाचित्रावर अवलंबून होती. प्रत म्हणजे काय हे त्यांनी कामाला विचारून ठरवले.

पोहोच आणि प्रत हे दोन्ही वारसे एकाच घरात कसे नांदले हे ऑलिम्पसच्या इतिहासात दिसते. १९१९ साली सूक्ष्मदर्शक बनवण्यासाठी सुरू झालेली ही कंपनी १९३६ पासून कॅमेरे करू लागली. तिथे योशिहिसा मायतानी यांनी १९५९ साली अर्ध्या फ्रेमचा ‘पेन’ रचला, १९७२ साली एसएलआरचे ओझे उतरवणारा, आजच्या मिररलेसच्याच नावाचा फिल्मवरचा ओएम-१ आणला, आणि १९७९ साली ‘एक्सए’ दिला. एक्सएला सरकते झाकण होते. वेगळी पिशवी नको, लेन्सचे टोपण नको. झाकण ओढले की कॅमेरा मिटला. त्याच विचाराचा पुढचा अवतार म्हणजे १९९१ सालचा ‘म्यू’, आणि त्याच्या दुसऱ्या पिढीत शिंतोडे सोसण्याची व्यवस्थाही आली. डिजिटल कॅमेऱ्याने बंद शरीराला एक मोठी अनुकूलता दिली : फिल्म बदलण्यासाठी मागचे दार उघडण्याची गरजच संपली. बाहेर येणाऱ्या झूम लेन्सची अडचण मात्र राहिली, कारण सरकणाऱ्या नळीच्या फटीतून पाणी आत शिरते. २००२ साली मिनोल्टाच्या डिमाज एक्समध्ये प्रिझमने प्रकाश काटकोनात वळवून झूमची सारी हालचाल शरीराच्या आतच उभी बसवली होती. घडी घातलेल्या या प्रकाशमार्गामुळे काचेच्या एका स्थिर खिडकीमागे झूम दडवता येऊ लागला. २००६ साली ऑलिम्पसचा म्यू ७२० एसडब्ल्यू आला. तो तीन मीटर पाण्यात आणि दीड मीटरच्या पडझडीत टिकणारा होता. २०१२ साली एफ/२ इतक्या उजळ लेन्सचा टीजी-१ आला, आणि आजचा टीजी-७ हा त्याच वंशातला.

दुसऱ्या बाजूला आरसा जात होता. सेन्सरवरचे चित्र थेट पडद्यावर दाखवता येऊ लागल्यावर आरशाचे मूळ प्रयोजनच उरले नाही. ऑगस्ट २००८ मध्ये ऑलिम्पस आणि पॅनासॉनिक यांनी मायक्रो फोर थर्ड्स या मिररलेस कॅमेऱ्यांच्या सामाईक मानकाची घोषणा केली, त्याच वर्षी पॅनासॉनिकचा जी१ आला, आणि २०१३ साली सोनीच्या ए७ ने पूर्ण फ्रेमचा सेन्सर मिररलेसमध्ये आणला. आरशासाठी राखलेली जागा गेली की लेन्स सेन्सरच्या जवळ येते : निकॉनच्या जुन्या एफ माउंटवर हे अंतर ४६.५ मिलिमीटर होते, २०१८च्या झेड माउंटवर ते १६ मिलिमीटर झाले. यामुळे लेन्स रचणाऱ्यांना नवी मोकळीक मिळाली, आणि फोकसचा हिशेब सेन्सरच करू लागल्याने डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवणे शक्य झाले. २०२० साली जगभर पाठवलेल्या कॅमेऱ्यांत मिररलेसची संख्या प्रथमच एसएलआरपेक्षा जास्त झाली, आणि २०२१ सालच्या निकॉन झेड९ मध्ये तर यांत्रिक शटरही उरला नाही. बार्नाकच्या सपाट शरीराकडे परत येताना मिररलेसने एसएलआरची दृष्टी सोबत आणली. कॅमेऱ्याच्या इतिहासातले हे एक अस्सल यश आहे, आणि टफ कॉम्पॅक्टची बाजू मांडताना ते कमी लेखण्याचे कारण नाही.

दोन्ही कॅमेऱ्यांना बरोबरीचे मानण्यावर पहिला आक्षेप भौतिकशास्त्राचा असतो, आणि तो खरा आहे. टीजी-७ चा सेन्सर साधारण २८ चौरस मिलिमीटरचा. ओएम-१ चा २२५ चौरस मिलिमीटर, म्हणजे आठपट. पूर्ण फ्रेमचा ८६४ चौरस मिलिमीटर, म्हणजे तिसाहून अधिक पट. तितकाच वेळ उघडलेल्या आणि तितक्याच अपर्चरच्या लेन्समागे मोठा सेन्सर त्याच पटीत जास्त प्रकाश गोळा करतो, आणि अंधारातल्या चित्राचा कण त्यावर ठरतो. संध्याकाळच्या रानातला बिबट्या किंवा रंगमंचावरचा नट टीजी-७ ने टिपावा असा हट्ट कोणी धरू नये. पण हिशेब पुढेही नेला पाहिजे. टीजी-७ ची लेन्स रुंद टोकाला एफ/२ ची आहे. ओएम-१ वर एफ/२.८ चा झूम लावला तर आठपटीची आघाडी चौपटीवर येते. झूम लांबवला की मात्र टीजी-७ ची लेन्स अंधारी होत एफ/४.९ पर्यंत जाते आणि अंतर पुन्हा वाढते. उलट अगदी जवळून टिपताना लहान सेन्सरच उपयोगी पडतो. लेन्सपासून एक सेंटिमीटरवरच्या मुंगीचे किंवा शेवाळाचे चित्र घेताना त्याच अपर्चरला खोलवरचा भाग जास्त स्पष्ट राहतो, आणि त्यासाठी वेगळी मॅक्रो लेन्स वाहावी लागत नाही. सेन्सरचे क्षेत्रफळ हा पुरावा निर्विवाद आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र काम सांगितल्याशिवाय निघत नाही.

दुसरा आक्षेप असा की मिररलेसही आता पावसात चालतात, मग वेगळ्या टफ कॅमेऱ्याची गरज काय? यात तथ्य आहे, आणि त्याचे बरेचसे श्रेय ऑलिम्पसलाच जाते. २००३ सालच्या तिच्या ई-१ मध्ये शिंतोड्यांपासून संरक्षण होते आणि सेन्सरवरची धूळ कंपनाने झटकण्याची सोयही होती. २०२२ सालचा ओएम-१ आयपी५३ या दर्जाचा आहे. पण या दर्जाचा अर्थ नीट वाचावा लागतो. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आणि पाण्याचा ३ म्हणजे वरून तिरप्या येणाऱ्या फवाऱ्यापासून बचाव. बुडण्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय लेन्सही तशाच बांधणीची हवी, आणि ती बदलण्याचा क्षण आला की दार उघडतेच. दोन्ही गुण एकत्र आणण्याचे गंभीर प्रयत्न झाले नाहीत असेही नाही. १९९२ साली निकॉनने निकोनोस आरएस हा पाण्याखालचा ऑटोफोकस एसएलआर काढला. २०१३ साली त्याच कंपनीने निकॉन १ एडब्ल्यू१ हा १५ मीटर खोल जाणारा, लेन्स बदलता येणारा मिररलेस आणला. दोन्ही यंत्रे अभियांत्रिकीच्या दृष्टीने कौतुकास्पद होती, आणि दोन्हींना वारस मिळाला नाही. सहा दशकांत इतक्या सक्षम हातांनी जोडलेला सांधा दोनदा सुटतो, तेव्हा दोष एखाद्या मॉडेलचा नसतो. उघडणे आणि बंद राहणे या मागण्याच परस्परविरोधी आहेत. पाण्याखालचे व्यावसायिक छायाचित्रकार मिररलेस जाड पेटीत बंद करून नेतात, आणि ती पेटी म्हणजे पुन्हा बंद शरीरच. फरक इतकाच की ते बाहेरून विकत घेतलेले असते आणि बहुधा कॅमेऱ्याहून मोठे असते.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आणि सर्वांत जड : मोबाइलने दोघांचाही हिशेब संपवला नाही का? २०१० साली जपानी उद्योगाने जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे पाठवले होते. २०२० साली तो आकडा ९० लाखांच्या खाली आला. ऑलिम्पसने १ जानेवारी २०२१ पासून आपला कॅमेरा व्यवसायच वेगळा करून टाकला आणि त्यातून ओएम सिस्टिम निघाली. टफ कॅमेऱ्यांच्याही अनेक मालिका थांबल्या. पुराव्यासाठी छायाचित्र काढण्याचे काम बहुतेक ठिकाणी मोबाइलकडे गेले. आपल्याकडे रोजगार हमीच्या कामांची काम सुरू होण्याआधी, चालू असताना आणि पूर्ण झाल्यावर स्थळाच्या नोंदीसह छायाचित्रे ठेवण्याची पद्धत आली ती मोबाइलच्याच भरवशावर. शेततळे खरोखर खोदले का, बांध खरोखर घातला का, याचे उत्तर त्या चित्रात शोधायचे असते. जपानी फळ्याची कसोटी इथे जशीच्या तशी लागू पडते, फक्त यंत्र बदलले. ही पडझड नीट पाहिली तर माझ्या मुद्द्याला बळच मिळते. सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर नाहीसे झाले ते मधले कॅमेरे : जे फक्त लहान आणि स्वस्त होते, ज्यांची प्रत बेताची आणि पोहोचही बेताची. जे उरले ते दोन टोकांचे. एकीकडे प्रतीसाठी मोठा सेन्सर आणि बदलत्या लेन्स, दुसरीकडे पोहोचीसाठी बंद शरीर. मोबाइलला पाणी सोसण्याचा दर्जा असतो खरा, पण तो प्रयोगशाळेतल्या गोड्या, स्थिर पाण्याचा. समुद्राचे खारे पाणी, खडकावर आपटणे, ओल्या बोटांना दाद न देणारा पडदा, हातमोजे आणि बर्फ यांची हमी त्यात नसते. शिवाय ज्या वस्तूत माणसाचे पैसे, पत्ते आणि सारा संपर्क साठलेला असतो ती वस्तू तो ओढ्यात बुडवायला धजावत नाही. पोहोच म्हणजे यंत्राची ताकद आणि वापरणाऱ्याची निर्धास्तता, दोन्ही मिळून.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या वाचकाला हा हिशेब हवामानच समजावते. कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने हवेत जो दमटपणा असतो, त्यात लेन्सच्या काचांवर बुरशी धरते. तिचे धागे काचेवरचा लेप खातात आणि नंतर पुसूनही डाग जात नाहीत. म्हणून इथले जाणकार पावसाळ्यात महागडे कॅमेरे सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवतात. त्यांची काळजी योग्यच आहे. पण सह्याद्रीतले बेडूक, कातळसड्यांवरची फुले, ओढ्यांतले मासे, भरतीरेषेवरचे जीव यांचा हंगामही तोच. ज्या महिन्यांत इथला निसर्ग सर्वाधिक टिपण्याजोगा असतो, त्याच महिन्यांत उघडणारा कॅमेरा सर्वाधिक धोक्यात असतो. सागवानी ट्रॉपिकल कॅमेऱ्यांनी ज्या प्रश्नाला हात घातला होता तो मिटलेला नाही, आणि बंद शरीराचा कॅमेरा हे त्याचे आजचे प्रामाणिक उत्तर आहे. त्याच रानात दुरून गरुड टिपायचा असेल तर उत्तर बदलेल, आणि तिथे मिररलेसला पर्याय नाही.

म्हणून या दोन कॅमेऱ्यांपैकी श्रेष्ठ कोणता, या प्रश्नाची मांडणीच सुधारायला हवी. चित्र आधीच हाताशी असेल, म्हणजे तिथवर यंत्र सुखरूप नेता येत असेल आणि उघडता येत असेल, तर मिररलेस श्रेष्ठ. त्यात वाद नाही. चित्र घडण्याच्या जागी पाणी, धूळ, दगड किंवा बर्फ आडवे येत असतील तर तिथे प्रतीची तुलना सुरूच होत नाही, कारण तुलनेला दुसरे चित्रच नसते. फोटोग्राफीचे इतिहास बहुतांशी पहिल्या परिस्थितीतल्या चित्रांवरून लिहिले गेले, म्हणून त्यांत बोर्नच्या काचा आहेत, लायका आहे, निकॉन एफ आहे. मुकादमाचा कॅमेरा अपवादानेच आढळतो. संग्रहालयांनी आणि अभ्यासकांनी ही उणीव भरून काढली पाहिजे. पुलांच्या पोटातल्या सळया, बुजलेले पाये, समुद्रतळाची पाहणी, पावसातली शेती, हे सारे आधुनिक जगाचे खरे दस्तऐवज आहेत आणि ते बंद, जाडजूड, साध्या लेन्सच्या कॅमेऱ्यांनी जमवले आहेत. त्या कॅमेऱ्यांना नवशिक्यांच्या पायरीवर बसवणे म्हणजे ते वापरून काम करणाऱ्या माणसांच्या जाणतेपणाला कमी लेखणे आहे. त्यांनी प्रतीचा त्याग अज्ञानाने केला नव्हता. आपल्या कामाला काय हवे हे त्यांना नेमके ठाऊक होते, आणि कॅमेरा निवडताना आजही त्याहून चांगली कसोटी उपलब्ध नाही.